विहीणबाईंचा भात

जमैका हे नाव आमच्या घरात पुष्कळ वर्षांपासून होतं, पण ते क्रिकेटपुरतं. १९७१ साली दिलीप सरदेसाईंनी किंगस्टनच्या सबिना पार्क मैदानावर वेस्ट इंडिजविरुद्ध २१२ धावा काढल्या, तेव्हा माझे यजमान शाळेत होते. वर्तमानपत्रातला तो धावफलक त्यांनी कापून वहीत चिकटवला होता. ती वही आमच्या बडोद्याच्या घरी अजून जपून ठेवलेली आहे. मला स्वतःला एवढंच ठाऊक होतं, की हे बेट अमेरिकेच्या खाली समुद्रात कुठेतरी आहे आणि तिथली माणसं चेंडू फार वेगाने टाकतात. त्याच बेटावरच्या एका स्वयंपाकघरात बसून मी नारळाचं दूध पिळीन, असं तेव्हा मला कोणी सांगितलं असतं, तर मी हसले असते.

झालं असं, की आमची लेक शिक्षणासाठी टोरांटोला गेली आणि तिथल्याच एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट म्हणून नोकरीला लागली. त्याच रुग्णालयात क्ष-किरण विभागात काम करणाऱ्या एका मुलाशी लग्न करायचं तिने ठरवलं. मुलगा जमैकाचा. टोरांटोत जमैकाहून आलेली माणसं खूप आहेत, तसाच हाही शिकायला आलेला. लेकीने फोनवर सगळं सरळ सांगितलं. मुलगा निर्व्यसनी आहे, घरी आई आणि मोठी बहीण आहे, वडील लहानपणीच वारले. आम्ही उभयतांनी त्याच्याशी बोलून, विचार करून होकार दिला आणि २०१७ साली टोरांटोत नोंदणी पद्धतीने लग्न झालं.

नातेवाइकांचं काय सांगावं! "मुलगा काळा आहे म्हणे," हे वाक्य मी त्या वर्षी इतक्या तोंडांतून ऐकलं, की पुढे पुढे त्याचं काही वाटेनासं झालं. मनाला लागलं ते सासूबाईंचं वागणं. त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. "मला यातलं काही सांगू नका," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी कित्येक वर्षं केलेली. नात म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पण लग्नानंतर लेकीचा फोन आला, की त्या उठून देवघरात जाऊन बसायच्या. पाच वर्षं त्यांनी नातीच्या आवाजाला ओ दिली नाही.

विहीणबाईंच्या गावी

जून २०१८ मध्ये आम्ही दोघं जमैकाला गेलो. विहीणबाईंचं गाव बेटाच्या ईशान्येला, पोर्टलँड परगण्यात, पोर्ट अँटोनिओ या बंदराजवळ. जमैकात सर्वांत जास्त पाऊस पडतो तो याच भागात. एका बाजूला ब्लू माउंटनचे डोंगर, दुसरीकडे समुद्र, मध्ये नारळ, केळी आणि हिरव्या रंगाच्या शंभर छटा. हे गाडीतून बाहेर बघत म्हणाले, "अगं, हे तर आपलं रत्नागिरीच."

विहीणबाई दारात उभ्या होत्या. उंच, सडपातळ, डोक्याला रुमाल बांधलेला. गावातल्या शाळेत तीस वर्षं त्यांनी मुलांसाठी जेवण रांधलं होतं. तिकडे वडीलधाऱ्या बाईला तिच्या नावाआधी 'मिस' लावून हाक मारतात, मग ती बाई लग्न झालेली असो, आजी झालेली असो. त्यांनी मला तशीच हाक मारली आणि हाताला धरून थेट स्वयंपाकघरात नेलं. आपल्याकडे विहिणी विहिणींना पाटावर बसवून मान देतात. इथे विहिणीने मला चुलीजवळ नेऊन मान दिला, असं मी मनाशी म्हटलं.

त्यांचं इंग्रजी मला सगळं समजत नसे. घरात त्या पॅटवा बोलायच्या, म्हणजे इंग्रजी शब्दांना आफ्रिकी वळण दिलेली तिथली बोली. माझं इंग्रजी शाळेतलं. पण परसदारी गेलो, तेव्हा भाषेची अडचण आपोआप संपली. त्यांनी कॅलालू म्हणून एक पालेभाजी दाखवली. ती हुबेहूब आपला माठ! मी खुणेने सांगितलं, की आम्हीही ही कांदा-लसूण घालून परततो. त्यांनी मान डोलावली, त्याही तशीच करायच्या. विलायती फणसाचं मोठं झाड होतं. हे झाड कॅप्टन ब्लाय या इंग्रज खलाशाने १७९३ साली ताहिती बेटांवरून जमैकात आणलं, ते मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोसण्यासाठी. आज मात्र ते निखाऱ्यावर भाजून लोक आवडीने खातात. आणि आंब्याचे दिवस असल्यामुळे टोपलीत आंबे होते. त्यातल्या एका जातीचं नाव विहीणबाईंनी सांगितलं, 'बाँबे'. आम्ही दोघं खो खो हसलो. मुंबईच्या नावाचा आंबा सातासमुद्रापलीकडे खायला मिळाला!

याला इतिहास आहे. १० मे १८४५ रोजी ओल्ड हार्बर बे इथे हिंदुस्थानातल्या मजुरांना घेऊन पहिलं जहाज लागलं. गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. पुढच्या सत्तर वर्षांत छत्तीस हजारांहून अधिक माणसं करारावर तिथे गेली. बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडची होती, कलकत्त्याच्या बंदरातून निघालेली. त्यांच्याबरोबर हळद-धण्याचा मसाला गेला आणि आज जमैकात लग्न असो की बारसं, बोकडाचं पिवळं कालवण केल्याशिवाय समारंभ पुरा होत नाही. आमच्या स्वागतालाही विहीणबाईंच्या मुलीने तेच केलं होतं.

धुराशिवायचा धूर

शनिवारी आम्हाला बॉस्टन बे इथे नेलं. समुद्रकाठचं छोटंसं ठिकाण, पण जर्क या प्रकारासाठी साऱ्या बेटावर प्रसिद्ध. जमिनीलगत निखारे, त्यावर पिमेंटोच्या ओल्या काठ्या आडव्या मांडलेल्या, काठ्यांवर मसाला माखलेली कोंबडी आणि डुकराचं मांस, वरून पत्रे झाकलेले. पत्र्याच्या फटीतून येणारा वास लांबूनच पोटात भूक पेटवतो.

पिमेंटो म्हणजे आपण ज्याला ऑलस्पाइस म्हणतो ते. दिसायला मोठ्या मिऱ्यासारखा दाणा. कोलंबसाच्या माणसांना तो मिरीच वाटला म्हणून त्यांनी त्याला मिरीचं स्पॅनिश नाव दिलं. वासाला मात्र लवंग, दालचिनी आणि जायफळ एकत्र कुटल्यासारखा. केरळात याला सर्वसुगंधी म्हणतात. गोव्यात फोंड्याकडे मसाल्याच्या बागा आहेत, तिथेही हे झाड दाखवतात. पण त्याचं मूळ घर कॅरिबियन आणि मध्य अमेरिका.

जावयांनी तिथे उभ्या उभ्या जी हकीकत सांगितली, ती माझ्या कायमची लक्षात राहिली. १६५५ साली इंग्रजांनी हे बेट स्पॅनिश लोकांकडून जिंकून घेतलं. त्या धामधुमीत आफ्रिकेतून आणलेले अनेक गुलाम डोंगरात पळून गेले. पुढे इंग्रजांच्या मळ्यांवरूनही माणसं पळत राहिली. त्यांना मरून म्हणतात. बेटावरचे मूळचे टायनो लोक लाकडी मांडवावर मांस शेकत. त्यांच्याकडून आणि आफ्रिकेतल्या आपल्या आठवणीतून मरूनांनी ही पद्धत घडवली. रानडुक्कर मारायचं, मिरची आणि पिमेंटो चोळायचा आणि जमिनीत खड्डा करून, वरून झाकून मंद आगीवर शिजवायचं. झाकायचं कशासाठी? धूर वर गेला, की इंग्रज शिपायांना ठिकाण कळायचं, म्हणून. मसाल्यामुळे मांस टिकायचंही, म्हणजे रानोमाळ भटकताना बरोबर नेता यायचं. शेवटी १७३९ आणि १७४० साली इंग्रजांना या मरूनांशी तह करावे लागले. त्यांची एक पुढारी होती नॅनी नावाची बाई. तिचं चित्र आज जमैकाच्या पाचशे डॉलरच्या नोटेवर आहे.

आपल्याकडे शिवकाळात मावळे डोंगरात कांदा-भाकरीवर राहिले, असं आपण मुलांना सांगतो. हे ऐकताना मला तेच आठवलं. कोंबडी नंतर आली. मुळात हे डोंगरात लपलेल्या माणसांचं जेवण. म्हणून त्यात घाई चालत नाही आणि आग मोठी करून चालत नाही.

तुरीची ओळख

रविवारी सकाळी विहीणबाई चर्चला जायच्या आधी भात टाकत. तिकडे रविवारचं जेवण म्हणजे 'राइस अँड पीज' हवाच. नावात वाटाणा आहे, पण पातेल्यात वाटाणा नसतो. एरवी राजमा असतो. तो आदल्या रात्री भिजत घालायचा, सकाळी लसूण घालून मऊ शिजवायचा. त्याच लालसर पाण्यात नारळाचं दूध, पातीचा कांदा, थाईमच्या काड्या, पाचसहा पिमेंटोचे दाणे आणि मीठ घालायचं. मग तांदूळ. आणि वर एक अख्खी स्कॉच बॉनेट मिरची.

ही मिरची छोट्या चपट्या टोपीसारखी दिसते. ईशान्य भारतातली भूत जोलोकिया हिच्याच जवळच्या नात्यातली. वास एखाद्या फळासारखा गोड, पण तिखट असं, की आपली लवंगी मिरची तिच्यापुढे गरीब वाटावी. ती भातावर नुसती ठेवायची. फुटू द्यायची नाही. वाफेने तिचा वास भातात उतरतो, तिखटपणा आत राहतो. विहीणबाई झाकण ठेवून मला बजावत, "चमचा फिरवायचा नाही." एकदा माझा हात झाकणाकडे गेला, तेव्हा त्यांनी हलकेच तो बाजूला केला.

मी माहेरची अमरावतीची. आमच्याकडे नारळ तो नवसापुरता आणि ओटीपुरता. नारळ किसून, कोमट पाणी घालून, मुठीत पिळून दाट दूध वेगळं आणि पातळ दूध वेगळं काढायला मी विहीणबाईंकडे शिकले. अशी ही उलटी गंगा! त्यांची एक म्हण होती, की एकेक कोको टाकत टोपली भरते. कोको म्हणजे आपल्या अळकुड्यांच्या जातीचा कंद. थेंबे थेंबे तळे साचे, दुसरं काय?

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. नाताळात हा भात राजम्याचा करत नाहीत, गुंगो पीजचा करतात. गुंगो म्हणजे काय, ते मला कळेना. तेव्हा त्या कुंपणापाशी घेऊन गेल्या आणि एक झाड दाखवलं. त्या वेळी त्याला शेंगा नव्हत्या, पण पानं बघितल्याबरोबर मी ओळखलं. तूर! आमच्या वऱ्हाडात शेतंच्या शेतं असते ती तूर. ही तूर मूळची आपल्या भारतातली. इथून ती आफ्रिकेत गेली आणि आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजांबरोबर कॅरिबियन बेटांवर पोचली. नाताळच्या सुमारास तिच्या शेंगा भरतात. आपल्याकडेही बाजारात हिरव्या तुरीच्या शेंगा त्याच दिवसांत येतात. नाताळातलं त्यांचं लाल सरबत म्हणजे अंबाडीच्या बोंडांचं, त्यात आलं आणि लवंग. मी माहेरी लहानपणी तेच प्यायले आहे, फक्त आम्ही आलं घालत नव्हतो.

निघताना विहीणबाईंनी मला पिमेंटोच्या दाण्यांनी भरलेला एक काचेचा डबा दिला. म्हणाल्या, "नाताळात तू गुंगोचा भात कर. मी इथे करीन." त्यानंतर दोन वर्षं डिसेंबरात आम्ही फोनवर एकमेकींचा भात बघितला.

राहिलेली नववी रात्र

एप्रिल २०२० मध्ये विहीणबाई गेल्या. हृदयविकाराचा झटका आला. त्याआधी काही दिवस, मार्चच्या अखेरीस, जमैकाने बाहेरून येणाऱ्या प्रवाशांसाठी आपल्या सीमा बंद केल्या होत्या. विमानच नव्हतं, तर जाणार कसं? मोजक्या माणसांत दफन झालं आणि जावयांनी ते टोरांटोच्या आपल्या खोलीत मोबाइलवर पाहिलं.

तिकडे 'नाइन नाइट' म्हणून एक रीत आहे. माणूस गेला, की नवव्या रात्री घरी सगळे जमतात. गाणी म्हणतात, गेलेल्याच्या गोष्टी सांगतात, डॉमिनो खेळतात, रम पितात. घरातलं सामान इकडचं तिकडे करतात, म्हणजे त्या जिवाला खोली ओळखू येऊ नये आणि त्याने इथे न रेंगाळता पुढे जावं. एका टेबलावर त्याच्या आवडीचं जेवण वाढून ठेवतात आणि मध्यरात्रीपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. ही रीत आफ्रिकेतून आलेली. पण आपला दहावा, तेरावा आणि वाढून ठेवलेलं पान ज्याला ठाऊक आहे, त्याला ती समजावून सांगावी लागत नाही.

विहीणबाईंची नववी रात्र झालीच नाही. माणसं जमवायला बंदी होती. लेक सांगायची, "आई, हा रडतच नाही. कामावर जातो, येतो, गप्प बसतो. त्यांच्या हातचं काही करू म्हटलं, तर नको म्हणतो." रविवारचा भात त्या घरात बंद झाला. दोन वर्षं उलटली तरी तो सुरू झाला नाही. दूर बसलेल्या आईला यापेक्षा जास्त घोर कशाचा असतो? संसार सुखाचा होता, पण त्यात एक खोली कायम बंद असल्यासारखी वाटत होती.

डिसेंबर २०२२ मध्ये दोघं बडोद्याला आले. जावयांची ही पहिलीच खेप. त्या वर्षी नाताळ नेमका रविवारी आला होता. मी कोणालाही न विचारता ठरवलं, की आपण विहीणबाईंना दिलेला शब्द पाळायचा. अमरावतीहून भावजयीकडून अंबाडीची सुकी बोंडं मागवली. पिमेंटोचा डबा होताच. स्कॉच बॉनेट काही इथे मिळेना, पण लेकीच्या सामानात तिच्या सॉसची एक बाटली निघाली. थाईमची सुकी पानं दुकानात मिळाली. शिवाय आपल्या कुंडीतला पानओवा, ज्याची आपण भजी करतो, तोही कॅरिबियन बेटांवर थाईमसारखा वापरतात. तोही चिरून घातला.

शनिवारी संध्याकाळी कोंबडीला मसाला लावला आणि हिरव्या तुरीच्या शेंगा सोलायला ओसरीवर मांडल्या. शेंगा सोलणं हे सासूबाईंचं काम. पंच्याऐंशी वर्षांच्या वयातही ते त्या कोणाला देत नाहीत. त्या येऊन बसल्या आणि नेहमीसारख्या मान खाली घालून सोलू लागल्या. थोड्या वेळाने जावई बाहेर आले. परातीतल्या शेंगा बघून जागीच उभे राहिले. मग काही न बोलता सासूबाईंच्या समोर खाली मांडी घालून बसले आणि सोलायला लागले. नखाने शेंगेचं टोक मोडायचं, अंगठा आतून फिरवायचा, दाणे मुठीत आणि टरफल बाजूला. अगदी सराईत हात.

सासूबाई दोन-तीन मिनिटं त्या हाताकडे पाहत राहिल्या. मग पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी नातीला हाक मारली. "अगं, विचार त्यांना, त्यांच्या गावी तूर येते का?"

लेकीने विचारलं. जावयांनी सांगितलं, की येते. कुंपणालाच आहे, आईने लावलेली. नाताळच्या आदल्या दिवशी आई आणि ते दोघं बहीणभाऊ अंगणात बसून अशीच सोलायचे. लेक मराठीत सांगत होती, सासूबाई ऐकत होत्या. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, "आई गेली तेव्हा जवळ कोण होतं?"

आमच्या घरात हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. दुःख होईल म्हणून आम्ही सगळे त्या विषयाला वळसा घालून जात होतो. जावयांचे हात थांबले. मग ते बोलू लागले. बहीण जवळ होती. त्यांनी दफन मोबाइलवर पाहिलं, मधेच चित्र थांबलं, आवाज गेला. नववी रात्र झाली नाही. गाव मोकळं झाल्यावर करू म्हणाले, पण मग वेळ निघून गेली होती. बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

सासूबाईंनी परात बाजूला सारली. म्हणाल्या, "राहिलं असेल, तर उद्या करा. पान वाढायला वेळ निघून जात नाही."

नाताळचा रविवार

दुसऱ्या दिवशी गच्चीवर कोळशाची शेगडी पेटवली. पिमेंटोचं लाकूड कुठून आणणार? पण पिमेंटो, लवंग, जांभूळ आणि पेरू ही सगळी एकाच कुळातली झाडं. परसातल्या पेरूच्या ओल्या डहाळ्या जावयांनी स्वतः तोडून आणल्या, पानं चुरगाळून वास घेतला आणि निखाऱ्यावर मांडल्या. भिजवलेले थोडे पिमेंटोचे दाणे आणि दोन तमालपत्रं निखाऱ्यात टाकली. वर कोंबडी, त्यावर पत्र्याचं झाकण. सव्वा तास ते शेगडीजवळून हलले नाहीत. शेजारच्या गच्चीवरून विचारणा झाली, की आज काय विशेष आहे?

भात मात्र मी खाली वेगळ्या पातेल्यात केला, कारण माळकरी सासूबाई तोही खाऊ शकल्या पाहिजेत. ज्यांना करून बघायचा असेल, त्यांच्यासाठी प्रमाण सांगते. तीन वाट्या लांब दाण्याचा तांदूळ, दोन वाट्या हिरव्या तुरीचे दाणे, एक मोठा नारळ. दाणे चार लसूणपाकळ्या घालून पातळ नारळाच्या दुधात मऊ शिजवायचे. मग दाट दूध, दोन काड्या पातीचा कांदा, अर्धा चमचा थाईम, सहा पिमेंटोचे दाणे, मीठ. एकूण पातळ पदार्थ तांदळाच्या दुपटीला थोडा कमी. उकळी आली की धुतलेला तांदूळ घालायचा, वर एक अख्खी हिरवी मिरची देठासकट ठेवायची, झाकण लावायचं आणि गॅस अगदी बारीक करायचा. पंचवीस मिनिटं झाकण उघडायचं नाही. राजमा वापरलात, तर तो रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, खळखळ उकळून पूर्ण मऊ शिजवूनच घ्या. अर्धाकच्चा राजमा पोटाला बाधतो.

दीड किलो कोंबडीच्या मसाल्यासाठी दोन मोठे चमचे पिमेंटो भाजून कुटायचा. त्यात आठ पातीचे कांदे, सहा लसूणपाकळ्या, बोटभर आलं, चमचाभर थाईम, अर्धा चमचा मिरी, पाव चमचा जायफळ, चिमूटभर दालचिनी, एक चमचा गूळ, दोन लिंबांचा रस, दोन चमचे सोया सॉस, मीठ आणि सोसेल तितकी लाल ताजी मिरची घालून वाटायचं. सोया सॉस बघून नवल वाटू नये. १८५४ पासून चिनी माणसंही जमैकात मजुरीसाठी आली आणि आपली बाटली घेऊन आली. कोंबडीला खोल चिरा देऊन मसाला रात्रभर मुरू द्यावा. शेगडी नसेल, तर ओव्हनमध्ये मध्यम आचेवर तासभर भाजली, तरी चव येते, धुराचा वास तेवढा येत नाही.

रात्री बैठकीतल्या खुर्च्या आणि दिवाण जावयांनी आणि यांनी मिळून उलटसुलट जागी हलवले. टेबलावर विहीणबाईंचा फोटो ठेवला. लेकीने पान वाढलं. भात, कोंबडीचा तुकडा, माठाची भाजी, बाजूला अंबाडीचं सरबत. गुजरातेत दारूबंदी, तेव्हा रमची जागा सरबताने भरून काढली. डॉमिनो नव्हते, म्हणून पत्ते काढले. यांनी आपली क्रिकेटची वही आणली आणि सबिना पार्कचा तो पिवळा पडलेला धावफलक दाखवला. जावई पहिल्यांदा मोकळेपणाने हसले आणि आईच्या गोष्टी सांगू लागले. शाळेत जेवण वाढताना ती उपाशी पोरं कशी हेरायची आणि त्यांच्या ताटात दुसऱ्यांदा भात कसा टाकायची, ते. चर्चमध्ये तिचा आवाज सगळ्यांच्या वर कसा असायचा, ते.

एरवी नऊला झोपणाऱ्या सासूबाई बारा वाजेपर्यंत बसून होत्या. बारा वाजले, तेव्हा जावयांनी पान उचललं. त्यांच्या रीतीप्रमाणे ते आता कोणीही खाऊ शकत होतं. सासूबाईंनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "कोंबडी राहू दे. मला भात द्या."

एका रात्रीत सगळं पालटतं असं मी म्हणणार नाही. सासूबाई जावयांशी अजून मोजकंच बोलतात. नातेवाइकांतली दोन घरं अजून आमच्याकडे येत नाहीत. पण नातीचा फोन आला, की त्या देवघरात जात नाहीत, आधी त्यांच्याच हातात फोन द्यावा लागतो. आणि टोरांटोच्या घरी दर रविवारी भात होतो. जावई स्वतः नारळ किसतात, असं लेक सांगते.

पिमेंटोचा डबा आता अर्धा रिकामा झाला आहे. दर डिसेंबरात बाजारात तुरीच्या शेंगा आल्या, की सासूबाई दोन किलो घ्यायला सांगतात आणि परात घेऊन ओसरीवर बसतात. सोलता सोलता मला विचारतात, "विहीणबाईंचा भात या रविवारी ना?"